नगरसेविकाताई, मॉर्निंग वॉकला येता?

अंतर एक किलोमीटर, वेळ पंचेचाळीस मिनिटं, खर्च फक्त चहा-बनमस्क्याचा. सोबत एक मेजरटेप, एक बाबागाडी, एक आई आणि एक नवीकोरी नगरसेविका. पुण्यातल्या सगळ्यात अवघड ट्रेकला चला!

सिंहगड करून झाला. ताम्हिणीत भिजून झालं. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चार तास अडकून ‘नेव्हर अगेन’ म्हणून झालं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिकडेच जाऊन झालं. तर दोस्तहो, आता एक जरा हटके डेस्टिनेशन. बेसकॅम्प : आमच्या सोसायटीचं गेट. समिट : कोपऱ्यापलीकडची दूध डेअरी. चढाई : नाहीच. तरीही या रूटवर माझी आई गेले कित्येक महिने गेलेली नव्हती.

त्याचं झालं असं, की आदल्या पावसाळ्यात ती दूध आणायला निघाली आणि फूटपाथवरच्या निघालेल्या फरशीत पाय अडकून पडली. खणून ठेवणारा कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मनगट जुळलं हो, चालणं मात्र सुटलं ते सुटलंच. दूध आता अ‍ॅपवरून येतं, दहा मिनिटांत. भाजीही येते. येत नाहीत त्या डेअरीसमोरच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणी! आणि ही तीच बाई, जी सत्तरच्या दशकात सदाशिव पेठेतून फर्ग्युसन कॉलेजला रोज सायकलने जायची, साडी नेसून, पुस्तकं कॅरिअरला लावून. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं. आता आमच्या घरातली एकमेव सायकल जिममध्ये आहे आणि ती पुढे जात नाही!

गुलाल आणि गुळगुळीत रस्ते

जानेवारी २०२६ चा तो आठवडा आठवतोय? १५ तारखेला महापालिकेचं मतदान. १६ ला निकाल, गुलाल, ढोल, जेसीबीवरून फुलं. मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली होती. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं शहरात प्रशासक होते. म्हणजे तक्रार करायला हक्काचा माणूसच नव्हता. आता एकदम १६५ मिळाले. आणि गुलाल खाली बसतो न बसतो तोच १९ तारखेला ‘पुणे ग्रँड टूर’ सुरू. देशोदेशीचे सायकलपटू, पाच दिवस, ४३७ किलोमीटर. शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते कसे, तर पापड लाटावा तसे! आम्ही टीव्हीसमोर बसून ‘वॉव’ करत होतो. आई म्हणाली, “छानच आहे रे. पण एवढी माणसं सायकलवर घाट चढतायत आणि मला रस्ता ओलांडून दूध आणता येत नाही. यांचं झालं की आमच्याकडे बघेल का कुणी?”

झालं! ट्रेकची आयडिया तिथेच जन्मली.

निवेदन द्यायचं नाही हे आम्ही चौघा मित्रांनी आधीच ठरवलं. निवेदनाचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. शाल, गुच्छ, फोटो, आणि कागद फायलीत. त्याऐवजी आमंत्रण द्यायचं. “अभिनंदन! आमच्यासोबत एक किलोमीटर चाला. बॅनर नाही, भाषण नाही, फेसबुक लाइव्ह नाही.” आपल्याकडे प्रभाग चार सदस्यांचा. त्यामुळे चौघांनाही आमंत्रण गेलं. एकाने ‘पीएशी बोला’ सांगितलं. दुसऱ्यांचा पीए ‘साहेबांशी बोलतो’ म्हणाला. तिसऱ्यांनी हात जोडलेली इमोजी पाठवली. चौथ्या ताई. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : “किती वाजता?”

प्रभागाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तुमचाही साधारण असाच असणार.

बाबागाडी टेस्ट

रविवार, सकाळी सात. ताई स्पोर्ट्स शूज घालून हजर. बरोबर एकच कार्यकर्ता, तोही जांभया देत. आमच्याकडून मी, आई, मित्र, त्याची बायको आणि त्यांची दहा महिन्यांची छोटी, बाबागाडीत. नियम एकच : बाबागाडी ताईंनी ढकलायची.

पहिली पन्नास पावलं मस्त गेली. मग फूटपाथच्या मधोमध वीजकंपनीचा डीपी. बाबागाडी खाली उतरवली, पुन्हा वर चढवली. पुढे एका बंगल्याचा रॅम्प, कारला आत जायला सोपं पडावं म्हणून फूटपाथ कापून केलेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग मी मेजरटेप काढली. इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१२ चं मानक सांगतं, की फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतील एवढी. आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. ताईंनी स्वतः टेप धरली. रुंदी भरली ७० सेंटिमीटर. उंची? ताई म्हणाल्या, “काकू, हा तर पायरीचा दगड आहे. तुम्ही चढता कशा?”

आई म्हणाली, “चढत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

तिसऱ्या अडथळ्याशी मात्र आमचीच विकेट पडली. फूटपाथवर आडव्या लावलेल्या चार बाइक्स. ताईंनी विचारलं, “या कुणाच्या?” कुणी बोलेना. शेवटी आईनेच सांगून टाकलं, “त्यातली काळी याची.” म्हणजे माझी! सोसायटीत जागा नसते म्हणून गेली तीन वर्षं मी रोज रात्री तिथेच लावतोय. आई पडली त्या दिवशीही ती तिथेच होती. हे माझ्या डोक्यात तोपर्यंत कधी आलंच नव्हतं. मी गपगुमान बाइक काढली. कार्यकर्त्याची जांभई तेवढी थांबली.

पुढचा टप्पा शाळेचा. रविवार असल्याने सामसूम, पण त्या रस्त्यावर आठवड्याचे सहा दिवस काय चालतं ते आईने नाटकासारखं करून दाखवलं. एका हातात नातवंड, दुसरा हात वर, मान गर्रकन उजवीकडे, डावीकडे, आणि मग राँग साइडने येणाऱ्यासाठी परत उजवीकडे! झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे कधीकाळी असावेत, अशी पुसट खूण. चौकात सिग्नल आहे, तो गाड्यांसाठी. चालणाऱ्याने कधी जायचं, हे त्या चौकात कुठेच लिहिलेलं नाही.

हे फक्त आमच्या गल्लीपुरतं नाहीये, बरं का. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचातला जवळपास एक. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की चालता येण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फूटपाथ म्हणजे सुशोभीकरण नव्हे!

“चालणारा माणूस येतच नाही हो”

डेअरीपाशी कट्ट्यावर टेकलो. आईच्या दोन मैत्रिणी आधीच ठाण मांडून होत्या. गळाभेटी झाल्या, डोळे पुसून झाले. मग चहा आला आणि ताई मोकळेपणाने बोलायला लागल्या. मला वाटतं, त्या सकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं तेच.

“खरं सांगू? निवडून आल्यापासून माझ्या ऑफिसात रोज पन्नास माणसं येतात. पार्किंग द्या, रस्ता रुंद करा, समोरच्याची गाडी उचला. दुकानदार येतात, सोसायट्यांचे चेअरमन येतात. चालणारा माणूस येतच नाही हो. तुम्ही पहिले. उद्या मी इथलं पार्किंग काढलं, तर शंभर लोक माझ्या दारात उभे राहतील. फूटपाथ केला म्हणून हार घेऊन किती येतील?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच आहे ते. गाडीवाल्याला आपण गाडीवाले आहोत हे माहीत असतं. चालणाऱ्याला आपण ‘चालणारे’ आहोत हे माहीतच नसतं. तो फक्त गाडी पार्क केलेला, बस चुकलेला, किंवा दूध आणायला निघालेला असतो. त्याची ना संघटना, ना व्होट बँक. आणि सायकलवाल्याचे तर दोन प्रकार. एक पहाटे हेल्मेट घालून खडकवासल्याला जाणारा, दुसरा वॉचमन किंवा बांधकामावरचा कामगार, जो रोज दोन्ही वेळा सायकल मारतो आणि ज्याला कुणी ‘सायक्लिस्ट’ म्हणत नाही. पहिल्याचा ग्रुप असतो, दुसऱ्याचा आवाज नसतो.

“मग हातगाड्या उठवू का?” ताईंनी विचारलं. आई पटकन म्हणाली, “छे! त्या भाजीवालीमुळेच संध्याकाळी या रस्त्यावर दिवा असतो. तिला जागा आखून द्या, आणि आम्हालाही द्या.” २०१४ चा पथविक्रेता कायदाही साधारण हेच सांगतो. आईने तो वाचलेला नाही.

पुरावा दाखवायला डेक्कनला

तक्रारी दाखवून झाल्या की माणूस दमतो. म्हणून टूरचा दुसरा हाफ आम्ही मुद्दाम ‘फील गुड’ ठेवला होता. रिक्षा केली आणि थेट जंगली महाराज रस्ता. आपण त्याला जेएम म्हणतो तो!

संभाजी बागेच्या बाजूने चालायला लागलो आणि बाबागाडी चक्क पळायला लागली. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण केलं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वं केली, आणि त्याच सुमाराला या रस्त्याचा मेकओव्हर सुरू झाला. रुंद फूटपाथ, झाडांना धक्का न लावता केलेले बाक, मुलांना खेळायला जागा. सकाळी साडेआठला तिथे काय नव्हतं? पेपर वाचणारे आजोबा, हेडफोन लावलेल्या पोरी, कबुतरांना पळवणारी पिल्लं. आई एका बाकावर बसली, मग उठली, मग पुढच्या बाकावर बसली. बाक आहे म्हटलं की म्हातारं माणूस लांबपर्यंत चालतं. रस्त्याच्या डिझाइनमधला एवढा साधा फंडा, पण तो आई चालताना बघितल्यावरच कळला.

सगळं गुडी-गुडी नाहीये. सायकल ट्रॅक मध्येच संपतो, त्यावर बाइक्स उभ्या असतात आणि कुणी तिथे उभं राहून निवांत फोनवर बोलत असतं. ताईंनी ते बरोबर हेरलं. “म्हणजे बांधून भागत नाही. सांभाळायलाही लागतं.” एक्झॅक्टली! पुण्यात कागद कमी नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा. त्याआधी, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज ते हडपसर बीआरटी सुरू झाली, तिच्या कडेनेही सायकल ट्रॅक आखले होते. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, आपण सगळ्यांनी सेल्फी काढले, आणि दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. प्रत्येक वेळी सुरुवात दणक्यात झाली. रोज सकाळी येऊन बघणारं मात्र कुणी नव्हतं. तिथेच तर नगरसेवक लागतो!

आणि लक्ष्मी रस्ता? ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पहिल्यांदा ‘पादचारी दिन’ केला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवला. पुढेही ११ डिसेंबरला हा दिवस साजरा झाला. त्या दिवशी आपण तिथे गेला असाल तर आठवत असेल, हॉर्न नसलेला लक्ष्मी रस्ता कसा वाटतो ते. दुकानदार आधी कुरकुरले, हेही खरं. पण साडी बघायला थांबणारी बाई चालतच असते ना? गाडीतून कुणी काठापदराचा रंग बघत नाही!

टूरची सांगता अर्थातच गुडलकमध्ये. बनमस्का, चहा, आणि टिशू पेपरवर लिहिलेल्या तीन मागण्या.

टिशू पेपरवरच्या तीन मागण्या

एक : शाळेसमोर उंच केलेलं क्रॉसिंग. म्हणजे झेब्रा पट्टे फूटपाथच्याच पातळीवर, आणि गाड्यांना आपोआप ब्रेक. दोन : सोसायटी ते डेअरी फूटपाथ सलग. गेटपाशी फूटपाथने खाली उतरायचं नाही, गाडीने वर चढायचं. तीन : रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग काढून सायकलसाठी जागा.

ताईंनी टिशू पेपर दोनदा वाचला. पहिल्या मागणीवर म्हणाल्या, “हे करू.” दुसरीवर, “बघू. अभियंत्यांना घेऊन परत चालू या.” तिसरीवर मात्र सरळ, “आत्ता नाही जमणार. खोटं आश्वासन देत नाही.” आमचा मित्र हिरमुसला. मला उलट बरं वाटलं. ‘करतो, करतो’ म्हणणाऱ्यापेक्षा हे परवडलं.

त्याच आठवड्यात शाळेच्या क्रॉसिंगसाठी त्यांचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात गेलं. त्यानंतर आम्ही अभियंत्यांसोबत आणखी एकदा चाललो, मेजरटेप घेऊन. पांढरे पट्टे आले, पाटी आली. उंच क्रॉसिंग अजून आलेलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी ताईंना एक मेसेज करतो, त्या एक अंगठा पाठवतात. मध्ये एकदा अंगठा आला नाही, तेव्हा आईने स्वतः फोन केला!

तुम्हालाही न्यायचंय?

कधी : नवे सदस्य खुर्चीत रुळायच्या आत. पहिले काही महिने बेस्ट, कारण तेव्हा प्रत्येकाला ‘आपलं’ म्हणता येईल असं एक काम हवं असतं. त्यानंतर बजेटच्या आधी. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जातं, तिथून मुख्य सभेकडे. प्रभागातली छोटी कामं नगरसेवकांच्या सुचवण्यावरून त्यात शिरतात. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांनाही आपल्या भागातलं काम बजेटसाठी सुचवता येतं. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरायचा. तारखेवर लक्ष ठेवा.

कुणाला : चौघांनाही बोलवा. पक्ष बघू नका. एक आला तरी टूर हिट! न आलेल्यांना फोटो नाही, नकाशा पाठवा.

किती लांब : एक किलोमीटर. त्याहून जास्त नको. रूट आधी स्वतः दोनदा चालून बघा.

काय न्यायचं : मेजरटेप, बाबागाडी किंवा व्हीलचेअर, आणि एक ज्येष्ठ नागरिक. आकडे कुणी लक्षात ठेवत नाही, ढकललेली बाबागाडी विसरत नाही. एक चांगला रस्ताही दाखवा, नाहीतर सगळे फक्त खिन्न होतात.

काय मागायचं : तीनच गोष्टी. एक सोपी, एक मधली, एक अवघड. ठिकाण, लांबी, रुंदी लिहून. ‘रस्ते सुधारा’ असं मागितलं तर रस्ता रुंद होईल आणि तुमचा फूटपाथ जाईल!

नंतर काय : पहिलं काम झालं की आभाराचा हार घेऊन खरंच जा. दुकानदारांसारखंच, दहा-पंधरा जण मिळून. ताईंचा प्रश्न लक्षात आहे ना?

आणि निघायच्या आधी आपली बाइक कुठे लावलीये ते बघून घ्या. माझी आता दोन गल्ल्या पलीकडे, पैसे भरून लावतो. रोज रात्री तिथून घरी चालत यायला सात मिनिटं लागतात. पहिले चार दिवस चिडचिड झाली. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की त्या रस्त्यावर दिवाच नाही. टिशू पेपरवर आता चौथी मागणी आहे.

आई हल्ली आठवड्यातून तीनदा डेअरीला जाते. रस्ता अजून कुणाचा तरी हात धरूनच ओलांडते. परवा परत आली ती पिशवी रिकामीच घेऊन.

“दूध?” मी विचारलं.

“अगं बाई, राहिलंच!” ती म्हणाली. “गप्पांत विसरले. जाते परत.”